संकलित आकड्यांचं संकलन

फोनमधला त्वरणमापक सेकंदाला शंभर आकडे टिपतो असं धरू. त्यांवरून वेग काढायला पायथनची एक ओळ पुरते. पण हेच मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो : ‘संकलित आकड्यांचं संकलन करा.’ पहिलं संकलन म्हणजे गोळा करणं, दुसरं गणितातलं, म्हणजे इंटिग्रेशन.

घोळ आजचा नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) संकलित म्हणजे साधी बेरीज, व्यवकलित म्हणजे वजाबाकी. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) वारसंकलित भेटतं : बेरजांच्या बेरजा. त्वरणाची बेरीज केली की वेग, वेगाची केली की अंतर. हे वारसंकलितच की! पुढे संकलन रक्तापर्यंत, कचऱ्यापर्यंत आणि चित्रपटाच्या तुकड्यांपर्यंत पोचलं.

युरोपातही सुरुवात बेरजेनेच झाली. लायब्निट्सने १६७५ मध्ये या संकलनासाठी वापरलेलं चिन्ह म्हणजे ‘सुम्मा’ या लॅटिन शब्दातला लांबवलेला एस. ‘इंटिग्रल’ हे नाव याकोब बर्नुलीने १६९० मध्ये छापलं. त्यामागचा ‘इंटेगर’ म्हणजे अखंड. आणि ‘कॅल्क्युलस’? मोजायचा खडा. सेन्सरकडून येतात ते असे सुटे खडेच. अखंड वक्र आपण मनाने जोडतो.

जोडतो तेही सरळ रेषेने. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज, भागिले दोन, गुणिले मधला वेळ : शाळेतला समलंब चौकोन आडवा पाडलेला. भास्कराचार्य त्याला समानलंब म्हणतात. ग्रीकांना त्यात छोटं टेबल दिसलं, म्हणून ट्रॅपेझियम. पायथनच्या नमपाय या गणिती संग्रहात या क्रियेचं नाव ‘ट्रॅप्झ’ असं खुडलेलं होतं. २०२४ च्या २.० आवृत्तीत ‘ट्रॅपेझॉइड’ आलं. बरं झालं.

मात्र बेरीज चुकांचीही होते. त्वरणात सेकंदवर्गाला ०.०१ मीटरची कायमची चूक असेल, तर मिनिटभरात वेग सेकंदाला ०.६ मीटरने चुकतो आणि टेबलावर निपचित पडलेला फोन हिशेबात १८ मीटर चालून गेलेला असतो.

गणितासाठी कुणी ‘समाकलन’ सुचवतात. घोळ टळतो खरा, पण त्यातली बेरीज कानाला ऐकू येत नाही. मी गणिताकडे संकलन ठेवतो आणि सेन्सरच्या आकड्यांना ‘टिपलेले’ म्हणतो.