शाळा कोणाची?

निवडणूक हा शब्द कानी पडला की आपल्या मनात लोकसभा येते, विधानसभा येते, फार तर नगरपालिका येते. गावच्या प्राथमिक शाळेचा कारभार पाहणारी माणसे कोणी निवडावयाची, हाही एक निवडणुकीचाच प्रश्न आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. इंदूरहून धारच्या वाटेला लागले की बेटमा हे गाव लागते. गुरू नानकदेवांच्या स्मृतीशी निगडित असलेल्या गुरुद्वाऱ्यामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. एके काळी होळकरांच्या मुलखात असलेले हे गाव आज एकीकडे इंदूर शहराचा विस्तार आणि दुसरीकडे पीथमपूरचे कारखाने यांच्यामध्ये वाढत आहे. तेथील सरकारी शाळेत, देशातील इतर सरकारी शाळांप्रमाणेच, एक व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिचे तीन चतुर्थांश सभासद शाळेतील मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत असा कायदा आहे. आज ही तरतूद अगदी स्वाभाविक वाटते. परंतु ती पदरात पडण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तो प्रवास कसा झाला, याचे आज थोडक्यात अवलोकन करू.

कोणत्याही सार्वजनिक शाळेशी तीन माणसांचा संबंध येतो. एक, तिच्यासाठी कर भरणारा. दुसरा, तिचा कारभार कोणी पाहावा याविषयी मत देणारा. आणि तिसरा, आपले मूल तिच्यात धाडणारा. ही तिन्ही माणसे एकच असावीत, ही अपेक्षा रास्त आहे. आपल्याकडे मात्र ती दीर्घकाळ वेगवेगळी राहिली.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा अशी लोकलफंडाची पट्टी बसली. तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जावयाचा होता. ही पट्टी भरणारा होता शेतकरी. पण त्याचे पोर शाळेत क्वचितच दिसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी त्यांची मागणी होती.

योगायोग असा की त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला. १८८४ पासून इलाख्यात लोकल बोर्डे आली, लोकनियुक्त सभासदही आले. परंतु मताचा हक्क मालमत्तेच्या आणि कराच्या अटींवर बेतलेला होता. आणा-पट्टी भरणाऱ्या सामान्य कुणब्याच्या हाती शाळेविषयीचे मत काही आले नाही.

याच काळात राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने स्कूल बोर्डे स्थापन झाली आणि त्यांची निवडणूक थेट करदात्यांनी करावयाची होती. त्या निवडणुकीत कर भरणाऱ्या स्त्रियांना मत होते, आणि उमेदवार होण्याचीही मुभा होती. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट या बाई ४७ हजारांहून अधिक मते मिळवून निवडून आल्या. पार्लमेंटसाठी मत नसलेल्या स्त्रीने शाळेच्या मतपेटीतून सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले! 'स्कूल बोर्ड' हे नाव पुढे आपल्याकडेही आले. त्यामागची थेट निवडणूक मात्र आली नाही.

संस्थानांत चित्र निराळे होते. तेथे मतदान नव्हते, पण काही ठिकाणी द्रष्टे राजे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तोच मार्ग धरला. इंदुरातही १८४१ साली मदरसा आणि १८९१ साली होळकर महाविद्यालय निघाले. परंतु राजाने दिलेली शाळा कितीही मोलाची असली तरी ती कृपा होती, हक्क नव्हे. बेटम्यासारख्या गावच्या रयतेने शाळा मागावयाची ती अर्ज करून. मत देऊन नव्हे.

नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. तेही किती मवाळ! ज्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तिने सक्ती करावी, एवढेच त्यात होते. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखले १९१५ साली निवर्तले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला, आणि सक्ती करावी की नाही हा प्रश्न प्रथमच लोकनियुक्त सभासदांच्या हाती आला.

तो हाती येताच पुण्यात वादळ उठले. नगरपालिकेने सक्ती करावी ती केवळ मुलांसाठी की मुलींसाठीही? तिजोरीत पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांचे पाहू, मुलींचे मागाहून पाहता येईल, असा एक पक्ष होता, आणि लोकमान्य टिळकांचे अनुयायी प्रामुख्याने त्या बाजूस होते. आरंभीच मुलींना वगळले तर ते 'मागाहून' कधी उगवणारच नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. सेवासदनाच्या रमाबाई रानडे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे या पक्षाचे पुढारी. १९२० च्या सुमारास रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्यातील स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर आल्या. तत्कालीन पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती. प्रांताच्या कायदेमंडळासाठी स्त्रियांना मत देण्याचा ठराव मुंबईत १९२१ साली व्हावयाचा होता, आणि तेही मत मालमत्तेच्या अटीवरच मिळावयाचे होते. ज्यांना मतपेटीपर्यंत पोहोचता येत नव्हते त्यांनी आपले मत रस्त्याने चालून दिले, असेच म्हटले पाहिजे.

पैशाची अडचण सांगणारे अप्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. नगरपालिकेची प्राप्ती खरोखरच तुटपुंजी होती. पण तुटपुंज्या पैशातून आधी कोणाला वगळावयाचे, हे ठरविणाऱ्यांत वगळल्या जाणाऱ्यांपैकी कोणीच नसेल, तर निर्णय कोणत्या बाजूला झुकणार हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही.

डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून स्थानिक संस्थांकडे आल्या आणि त्यांसाठी स्कूल बोर्डे निर्माण झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत आणि मोठ्या शहरांत 'स्कूल बोर्डाचा चेअरमन' ही वजनदार असामी झाली. मात्र या बोर्डांचे सभासद लोक निवडीत नसत. लोकल बोर्डाचे आणि नगरपालिकेचे सभासद निवडीत. साहजिकच कोणत्या मुलाला शाळा नाही यापेक्षा कोणत्या मास्तरांची बदली कोठे, या प्रश्नाला तेथे अधिक रंग चढे. पक्षोपपक्षांच्या ओढाताणीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ साली सरकारची पकड वाढविली. १९४७ चा नवा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा स्कूल बोर्डे इतिहासजमा झाली. या साऱ्या फेरफारांत सत्ता कधी खात्याकडे, कधी पुढाऱ्यांकडे सरकली. पालक होता तेथेच राहिला.

आता पुन्हा माळव्याकडे वळू. १९४८ साली होळकरांचे संस्थान मध्यभारतात आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला. या राज्याने १९९७ साली एक निराळाच प्रयोग केला. ज्या वस्तीला एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जेथे चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस मुले आहेत, तिने मागणी करावी. सरकारने नव्वद दिवसांत शिक्षक द्यावा. शिक्षण हमी योजना ती हीच. २००२ च्या जनशिक्षा अधिनियमाने सरकारी शाळांत पालक-शिक्षक संघ आले. अखेर २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. समितीत तीन चतुर्थांश पालक, त्यांत दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, आणि निम्म्या जागा स्त्रियांना, असे त्यात लिहिले आहे. मालमत्तेची अट नाही, साक्षरतेचीही नाही. अट एकच: आपले मूल त्या शाळेत असले पाहिजे.

फुल्यांनी दाखविलेली विसंगती अशा रीतीने निदान कागदावर तरी मिटली. रोजच्या खरेदीतून कर भरणारी, शेतावर किंवा कारखान्यात राबणारी आई त्या समितीत हक्काने बसू शकते. शाळेचा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे, कामकाजावर देखरेख ठेवणे, ही कामे कायद्याने तिची आहेत.

तथापि एक नवी अडचण उभी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही तरतूद लागू नाही. आणि ज्यांना फी परवडते, सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची ज्यांना सवय आहे, ते पालक आपली मुले घेऊन तिकडेच निघाले आहेत. मागे उरतात ते दिवसाची मजुरी बुडवून सभेला येणे ज्यांना कठीण आहे असे. पूर्वी मत होते त्यांची मुले त्या शाळांत असतीलच असे नव्हते. आज मुले आहेत त्यांना मत आहे, पण वेळ नाही. अशा ठिकाणी निवडणूक सह्यांपुरती उरण्याचे भय असते.

यावर उपाय कायद्यापेक्षा आपल्याच हाती अधिक आहे. सभा मजुरीची वेळ टळून संध्याकाळी घेता येते. हिशेब मोठ्याने वाचून दाखविता येतो. ज्यांची मुले तेथे शिकत नाहीत अशा शहाण्या शेजाऱ्यांनाही शाळेची विचारपूस करता येते. रमाबाई रानडे ज्यांच्यासाठी रस्त्यावर उतरल्या, त्या मुली त्यांच्या पोटच्या नव्हत्या. गावच्या शाळेत पालकांची सभा आहे असे पुढच्या वेळी कानी आले, तर एवढी आठवण ठेवावी, आणि घरी काम करणाऱ्या बाईंना त्या दिवशी जरा लवकर जाऊ द्यावे.