हरलेली निवडणूक आणि एक अर्ज

१९५४ साली बाबासाहेब आंबेडकर आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. या पराभवाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र त्याच्या बारा वर्षं आधीची गोष्ट जास्त आठवते.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांनी सरकारला एक निवेदन दिलं. म्हणणं साधं होतं. अलीगढ आणि बनारसच्या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देतं, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही? तीन लाख मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली.

ते स्वतः १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पण महाराजांची नजर एखाद्यावरच पडते. सरकारी योजनेत कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, अर्ज भरावा लागतो. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

पुढे एक पेच आला. १९५६ मध्ये नागपूरला, म्हणजे आमच्यापासून साठेक किलोमीटरवर, धम्मदीक्षा झाली. १९५० च्या आदेशानुसार बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. केंद्राच्या सवलती गेल्या. बापानं मनाला पटलेला धर्म घ्यायचा, की पोराची फी वाचवायची? १९६० मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचा आदेश बदलायला मात्र १९९० उजाडलं. चौतीस वर्षं!

आता अर्ज ऑनलाइन भरतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनाही आली. आमच्या वेळी शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर हाती पडायची. तोवर खोलीचं भाडं थकलेलं आणि खानावळवाल्याची वही भरलेली. पैसे किती मिळतात याइतकंच ते कधी मिळतात, हेही गरिबाला महत्त्वाचं असतं. नेमका हाच हिशेब फायलीत दिसत नाही.

मतपेटीत बाबासाहेब इथं हरले, हे खरंच. पण जिल्ह्यातल्या एखाद्या पहिल्या पिढीच्या मास्तरांना, इंजिनिअरला विचारून पाहा. त्या अर्जावर त्यांनी कधीतरी सही केलेली असते. मग त्यांच्या बापानं १९५४ साली मत कुणालाही दिलेलं असो.