कात्री, खळ आणि इतिहास

चिकटवही ही वस्तू साहित्याच्या इतिहासात सहसा कोठे नोंदली जात नाही. ती ग्रंथ नव्हे, कारण तिला लेखक नाही. ती रोजनिशी नव्हे, कारण तिच्यात स्वतःच्या हातचे लेखन फारच थोडे असते. तिला संग्रह म्हणावे तर संग्रहाची शिस्तही तिच्यापाशी नसते. एखाद्या मृत्युलेखाशेजारी लोणच्याची कृती, तिच्या खाली युद्धातील विजयाची बातमी आणि कोपऱ्यात साबणाच्या जाहिरातीतले गुबगुबीत मूल, अशी तिची एकंदर रचना. तरीही एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेतील सामान्य माणूस काय वाचत होता आणि वाचलेल्यापैकी काय आपले मानत होता, हे जाणून घ्यायचे असेल तर या चिकटवह्यांसारखे दुसरे साधन नाही. प्रस्तुत लेखात या साधनाचा थोडा इतिहास पाहून, कौटुंबिक स्मृती आणि लिखित इतिहास यांच्या संबंधाबद्दल त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार करावयाचा आहे.

चिकटवहीचे पूर्वज दोन. पहिला म्हणजे विद्वानांची टिपणवही. वाचताना भावलेली वचने विषयवार उतरवून ठेवण्याची ही युरोपीय प्रथा इतकी रूढ होती की, तत्त्वज्ञ जॉन लॉक याने अशा वहीची सूची कशी करावी यावर 1686 साली एक स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. दुसरा पूर्वज म्हणजे सोळाव्या शतकात जर्मन विद्यापीठांतून निघालेली मित्रांच्या स्वाक्षऱ्यांची वही. गुरुजनांची आशीर्वचने, मित्रांची कवने, कुलचिन्हे असे सगळे तिच्यात असे. आपल्याकडील ‘बाड’ या प्रकाराची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. लांबट, एका टोकाला शिवलेल्या त्या वहीत अभंग, आरत्या, औषधे आणि देण्याघेण्याचे हिशेब सुखेनैव एकत्र नांदत. मराठी संतकवितेचा मोठा भाग आपल्यापर्यंत आला तो अशाच घरगुती बाडांतून. मात्र टिपणवही काय किंवा बाड काय, दोन्हींत हाताने उतरवून घेणे होते. चिकटवहीत उतरवणे संपले आणि कापणे सुरू झाले. हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही.

कापण्यासाठी कागद स्वस्त व्हावा लागतो. अठराव्या शतकात छापील पान फाडणे ही चैन होती. जेम्स ग्रेंजर याचा इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास 1769 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या प्रतीत बाहेरून मिळवलेली व्यक्तिचित्रे डकवण्याचा छंद धनिकांना लागला आणि त्यासाठी इतर कितीतरी मौल्यवान ग्रंथांची चित्रे कापली गेली. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन हाही वर्तमानपत्रांतील कविता कापून जपत असे. पुढे 1820 च्या सुमारास तर त्याने चार भाषांतील शुभवर्तमानांच्या प्रती घेऊन, पात्याने हवे तेवढे उतारे काढून, स्वतःपुरते एक ख्रिस्तचरित्रच डकवून सिद्ध केले. त्यातून चमत्कार वगळलेले होते. काय ठेवावे याइतकेच काय टाकावे यातूनही अर्थ घडतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चित्र पालटले. चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला, वर्तमानपत्रे स्वस्त झाली, रंगीत शिळाछापाने दुकानदारांची जाहिरातपत्रे घरोघर पोहोचली. वाचायला इतके की ठेवायला जागा नाही, ही अवस्था मध्यमवर्गाने प्रथमच अनुभवली. तिच्यावरचा उपाय म्हणजे कात्री आणि पिठाची खळ. चिकटवही कशी करावी हे शिकवणारे ई. डब्ल्यू. गर्ली याचे पुस्तक 1880 साली आले. त्याआधीच, 1873 मध्ये, मार्क ट्वेन याने पानांवर गोंदाच्या पट्ट्या आधीच लावून ठेवलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पट्टी ओली करायची आणि कात्रण दाबून बसवायचे, एवढेच काम. ट्वेनच्या नावे एकंदर तीन पेटंटे होती, पण व्यवहारात चालले ते हेच. एका लेखकाच्या नावावर खपलेले, एकही शब्द नसलेले पुस्तक म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याची गंमत जरूर अनुभवावी.

या वह्या बहुधा घरातील स्त्रिया आणि मुले करीत. उच्चवर्गीय इंग्रज स्त्रियांनी 1860-70 च्या दशकांत छायाचित्रांतील चेहरे कापून, ते जलरंगात रंगवलेल्या दिवाणखान्यांत, पंख्यांवर आणि प्राण्यांच्या धडांवरसुद्धा बसवून जी पाने केली, त्यांचे प्रदर्शन शिकागोच्या कलासंग्रहालयाने 2009 साली भरवले. फावल्या वेळचा चाळा म्हणून दुर्लक्षिलेल्या या पानांत विसाव्या शतकातील चिकटचित्रकलेची पूर्वखूण समीक्षकांना दिसली. पण ती झाली कलेची बाजू. स्मृतीच्या दृष्टीने महत्त्वाचा अध्याय वेगळा आहे आणि तो अशा लोकांचा आहे, ज्यांच्या कुटुंबांना कोणी कुटुंब म्हणूनच मोजले नव्हते.

अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनांत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढ्यावरच होई. नावाचा रकाना नव्हता. मुक्त झालेल्या बहुसंख्य लोकांची नावे सरकारी खानेसुमारीत आली ती 1870 साली. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतून अनेक वर्षे एक सदर चाले. विकून टाकलेली आई, दुसऱ्या राज्यात नेलेला भाऊ, ताटातूट झालेली मुले यांच्या शोधाच्या जाहिराती त्यात असत. ज्यांची वंशावळ अशी विक्रीखतांत विखुरली, त्यांना घराण्याचा इतिहास म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न अगदी मुळापासून सोडवावा लागला.

फिलाडेल्फियाचा विल्यम हेन्री डॉर्सी (1837-1923) याने तो कात्रीने सोडवला. त्याचे वडील गुलामीत जन्मले आणि पुढे त्या शहरातील नामांकित मेजवानी-व्यवस्थापक झाले. स्वतः डॉर्सी चित्रकार होता. त्याने सुमारे चारशे चिकटवह्या केल्या. कृष्णवर्णीयांच्या शाळा, चर्च, गुन्हे, सत्कार, मृत्यू, झुंडीने केलेल्या हत्या, जे जे छापून आले ते ते त्याने कापून लावले. त्यातील पुष्कळशी कात्रणे गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांतील आहेत आणि त्यांचा सूर बहुधा तुच्छतेचा आहे. परंतु सुट्या बातमीत जी तुच्छता निव्वळ ‘वस्तुस्थिती’ म्हणून खपते, तीच पानामागून पान शेजारीशेजारी लावली की पुरावा होते. डॉर्सीने स्वतः क्वचितच काही लिहिले, पण त्याच्या मांडणीने पुष्कळ काही म्हटले. या वह्या पुढे चेनी विद्यापीठात पडून राहिल्या, आणि त्यांच्या आधारे रॉजर लेन या इतिहासकाराने 1991 साली त्या शहरातील कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास सिद्ध केला. अशा वह्यांचा सामग्र्याने विचार एलन ग्रुबर गार्वी हिने 2012 च्या आपल्या ग्रंथात केला आहे.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष एका कुटुंबाचे. फ्रेडरिक डग्लस याला आपली जन्मतारीख कधी कळली नाही. रोचेस्टर येथील त्याचे घर 1872 साली जळाले आणि त्याने चालवलेल्या वृत्तपत्रांचे जपून ठेवलेले खंड त्यात गेले. त्याच्या भाषणांचे वृत्तांत, त्याच्यावरील टीका, प्रशंसा हे सारे त्याच्या मुलांनी वर्षानुवर्षे कात्रणांतून जमवले. या मुलांपैकी लुइस आणि चार्ल्स हे यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीत भरती झाले होते. वडिलांचे चरित्र आणि लोकांचा लढा या वह्यांत वेगळे काढता येत नाहीत. कौटुंबिक आठवण हीच येथे सार्वजनिक इतिहास झालेली आहे. वॉल्टर एव्हन्स या संग्राहकाने जपलेल्या या वह्यांचा डेव्हिड ब्लाइट याच्या 2018 च्या डग्लस-चरित्राला मोठा आधार झाला, आणि 2020 मध्ये त्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाने घेतल्या.

येथे एक योगायोग मराठी वाचकाने ध्यानात घ्यावा. ट्वेनने चिकटवहीचे पेटंट घेतले त्याच 1873 साली जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी झटलेल्या लोकांना. ज्यांच्या इतिहासाची दप्तरे नाहीत त्यांनी इतिहास कशातून लिहावा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. आपल्याकडे पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यास राहिले. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती ज्यांच्या माजघरात कागद होते अशा घराण्यांच्या बळावर. ज्यांच्या घरी कागदच नव्हते त्यांना दुसरी साधने शोधावी लागली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) हे पुस्तक केले तेव्हा त्यांना जुन्या नियतकालिकांचे अंक आणि वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती यांतूनच आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची नावे वेचावी लागली. डॉर्सीची कात्री आणि त्यांची पायपीट ही एकाच जातीची कामे होत.

आता या छंदाच्या सदोष बाजूकडे वळू. चिकटवहीसाठी कोरी वही घेणे अनेकांना परवडत नसे. मग जुने जमाखर्च, सरकारी अहवाल, शेतकीची पुस्तके यांच्या पानांवरच कात्रणे डकवली जात. एक नोंद जपण्यासाठी दुसरी झाकली जाई. त्या काळी हिशेबाच्या वहीला कोण किंमत देणार? परंतु ज्या डग्लसला स्वतःचे जन्मवर्ष निश्चित ठाऊक नव्हते, त्याच्या जन्माची नोंद, फेब्रुवारी 1818, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी सापडली ती मालकाच्या गुलामांच्या यादीत, म्हणजे एका हिशेबी कागदात. त्यावर कोणी कविता आणि फुलांची चित्रे डकवली असती तर? रद्दी कशाला म्हणावे, हा निर्णय नेहमी आजचा असतो आणि त्याचे मोल ठरते ते उद्या.

दुसरा दोष द्रव्याचा. लाकडाच्या लगद्यामुळे वर्तमानपत्र स्वस्त झाले, आणि त्याच लगद्यातील लिग्निन व आम्ल यांमुळे ते पिवळे पडून तुटू लागले. ज्या कागदाने चिकटवही शक्य केली त्यानेच तिचा घात केला. कात्रणातील आम्ल शेजारच्या पानावर, छायाचित्रावर उतरते. 1970 च्या आसपास लोकप्रिय झालेल्या, पारदर्शक आवरणाच्या चिकट अल्बमांनी तर कित्येक घरांतील छायाचित्रे कायमची बाद केली.

या भीतीतूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठा व्यवसाय उभा राहिला. मॉर्मन पंथात पूर्वजांच्या नोंदी ठेवणे हे धर्मकर्तव्य आहे. त्या पंथाच्या सॉल्ट लेक सिटी येथील 1980 च्या जागतिक परिषदेत मेरीलन क्रिस्टेन्सन या बाईंनी आपल्या कुटुंबाचे पन्नासांहून अधिक खंड मांडले, आणि तेथून आम्लमुक्त कागद, ठरावीक चौकटी, सजावटीचे ठसे, घरोघरचे विक्री-मेळावे असे सारे वाढत गेले. कागद टिकाऊ झाला हा लाभ निःसंशय. पण त्याबरोबर पानेही एकमेकांसारखी झाली. वाढदिवस, सहल, पहिला दात एवढ्या ठशांत न बसणारे आयुष्य, म्हणजे आजारपण, कर्ज, भाऊबंदकी, त्या पानांबाहेर राहिले. जुन्या चिकटवहीत सरमिसळ होती, म्हणून ती खरी होती. नवीत नेटकेपणा आला आणि तिच्यावर विश्वास ठेवणे अवघड झाले.

अलीकडे रद्दीची पाने शिवून वह्या करण्याची जी लाट आली आहे, ती या नेटकेपणावरची प्रतिक्रिया म्हणून समजून घेता येईल. लिफाफे, तिकिटे, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, चहाच्या पाण्यात डागाळलेले कागद यांचा तिच्यात मुक्त वापर असतो. तिची विनोदी शोकांतिका एवढीच की, कागद जुना ‘दिसावा’ म्हणून आता खरोखरची जुनी पुस्तके आणि पत्रे विकत घेऊन फाडली जातात. कोणाच्या तरी आजीचे हस्ताक्षर तिसऱ्याच कोणाच्या पानाची नक्षी होते. एका कुटुंबाच्या स्मृतीसाठी दुसऱ्याची मोडून घेण्याचा ग्रेंजरच्या वाचकांचा दोष अडीचशे वर्षांनी परत आला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने चिकटवही हाती आल्यास काय वाचावे? कात्रणातील मजकूर तर वाचावाच, पण ते कशाशेजारी लावले आहे तेही पाहावे. खालचे पान कोणत्या वहीचे आहे ते पाहावे. शक्य असेल तेथे कात्रणाची पाठ पाहावी, कारण तारीख पुष्कळदा तेथेच सापडते. कोणता माणूस अनेक पानांवर असून एकाएकी नाहीसा होतो हे टिपावे. आणि ज्यांना आपल्या घरातील कागद आज लावून ठेवायचे आहेत त्यांनी अस्सल पत्रे न कापता त्यांच्या प्रती डकवाव्यात, आणि प्रत्येक तुकड्याखाली साल, गाव व माणसांची पूर्ण नावे पेन्सिलीने लिहावीत. ‘काकू, लग्नात’ एवढी नोंद दोन पिढ्यांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही. काकूंना नाव होते, आणि ते लिहिण्याची संधी ज्यांना मिळाली नाही अशा असंख्य माणसांनी केवढ्या कष्टाने ते शोधले, हे डॉर्सीच्या चारशे वह्यांनी आपल्यापुढे ठेवले आहे.