उलट प्रवाह (नळव्यवस्था)

उलट प्रवाह म्हणजे नळव्यवस्थेतील पाणी नेहमीच्या दिशेच्या विरुद्ध वाहून वापरलेले पाणी, सांडपाणी अथवा रसायन पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत शिरणे. शुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणीही या प्रकारामुळे घराच्या आत दूषित होऊ शकते. तसेच एका घरातील दूषित पाणी सार्वजनिक वाहिनीमार्गे शेजारच्या घरांत पोहोचू शकते. पिण्याचे पाणी व दूषित द्रव यांचा ज्या ठिकाणी प्रत्यक्ष वा संभाव्य संबंध येतो, त्या जोडणीस क्रॉस कनेक्शन म्हणतात.

कारणे

उलट प्रवाहाचे दोन प्रकार आहेत.

शोषणामुळे होणारा प्रवाह: वाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी झाल्यास वाहिनी बाहेरचे पाणी ओढून घेते. मुख्य वाहिनी फुटणे, आग विझवण्यासाठी मोठ्या प्रमाणात पाणी घेतले जाणे किंवा पुरवठा बंद होणे ही त्याची नेहमीची कारणे होत. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. त्यामुळे वाहिनीत अंशतः निर्वात स्थिती निर्माण झाली, तरी बादलीतील पाणी काही मीटर वर चढू शकते.

दाबामुळे होणारा प्रवाह: पंप, उंचावरील टाकी किंवा गीझरमध्ये तापून प्रसरण पावणारे पाणी यांमुळे इमारतीतील दाब मुख्य वाहिनीपेक्षा वाढल्यास पाणी मागे ढकलले जाते.

घरातील धोक्याची ठिकाणे

• बादलीत, पिंपात किंवा मोटार धुण्याच्या साबणपाण्यात बुडवून ठेवलेली रबरी नळी.
• शौचालयातील जेट स्प्रे भांड्यात लोंबकळत राहणे.
• पाणी पडण्याचा आवाज होऊ नये म्हणून टाकीतील आगम नळी पाण्याखाली बुडेल इतकी लांबवणे.
• कूपनलिकेची वाहिनी व महापालिकेची वाहिनी केवळ एका झडपेच्या भरवशावर एकमेकींना जोडणे.
• बागेतील नळाला जोडलेले खत अथवा कीटकनाशक फवारण्याचे साधन.

इतिहास

१९३३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या काळात अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. त्यात सुमारे १,४०० जणांना लागण झाली व ९८ जणांचा मृत्यू झाला. दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमधून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याचे तपासात आढळले.

१९६९ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील सुमारे ९० जणांना विषाणूजन्य काविळीची लागण झाली. जवळच लागलेली आग विझवण्यासाठी पाणी घेतल्याने वाहिनीतील दाब घटला आणि मैदानावरील नळाच्या खड्ड्यात साचलेले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या पाण्यात ओढले गेले.

खंडित पुरवठा आणि उलट प्रवाह

चोवीस तास पुरवठा असलेल्या शहरांत दाब घटणे हा अपवाद असतो. महाराष्ट्रासह भारतातील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने तेथे हा धोका रोजचा आहे. पुरवठा थांबल्यावर वाहिनीतील उरलेले पाणी सखल भागातील नळांकडे उतरते व वरच्या भागात शोषण निर्माण होते. अशा वेळी उघड्या नळाची नळी पिंपात बुडालेली असल्यास पिंपातील पाणी वाहिनीत जाते. गटारातून किंवा गटारालगत गेलेल्या गळक्या नळजोडणीत बाहेरची घाण शिरते. पुन्हा पाणी सुटल्यावर ते दूषित पाणी प्रथम घरांत येते.

महापालिकेच्या वाहिनीला थेट पंप लावल्यास हे शोषण अधिकच वाढते आणि त्याचा उपद्रव संपूर्ण वस्तीस होतो. म्हणून अनेक महापालिका असे पंप जप्त करतात. वाहिनीचे पाणी आधी भूमिगत टाकीत पडू द्यावे व तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवावे, ही योग्य रचना होय.

प्रतिबंध

हवेची पोकळी: नळाचे तोंड व भांड्याची वरची कड यांत मोकळी जागा ठेवणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ही जागा नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट व २५ मिलिमीटरहून कमी नसावी, असा नियम प्रचलित आहे. टाकीतील आगम नळीही याच रीतीने पाण्याच्या कमाल पातळीच्या वर असावी. या उपायात बिघडणारा कोणताही भाग नसतो.

एकदिशा झडप: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. मात्र वाळूचा कण अडकल्यास वा रबर झिजल्यास तो पूर्ण मिटत नाही. त्यामुळे मैलापाणी वा विषारी द्रवाचा संबंध येणाऱ्या जागी केवळ त्यावर विसंबणे सुरक्षित नसते. गीझरच्या आगम नळीवर तो बसवल्यास वाढलेला दाब सोडणारी सुरक्षा झडप आवश्यक असते.

व्हॅक्यूम ब्रेकर: हे उपकरण दाब घटताच वाहिनीत हवा घेऊन शोषण मोडते. बागेच्या नळासाठी ते उपयुक्त असले, तरी दाबामुळे होणाऱ्या उलट प्रवाहापासून संरक्षण देत नाही.

स्वतंत्र वाहिन्या: कूपनलिकेच्या व पुनर्वापराच्या पाण्याची वाहिनी पिण्याच्या वाहिनीपासून पूर्णपणे वेगळी असावी.

दूषित पाणी आढळल्यास

पाण्याला रंग, वास वा फेस आल्यास त्याचा पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापर थांबवावा आणि शेजाऱ्यांना व पाणीपुरवठा विभागाला कळवावे. भारतीय मानक १०५०० नुसार पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट मुक्त क्लोरीन अपेक्षित असते. आरोग्य कर्मचारी ओटी चाचणीने ते तपासतात. क्लोरीन अचानक नाहीसे होणे हे बाहेरील दूषित पाणी मिसळल्याचे लक्षण असू शकते. तथापि पाणी स्वच्छ दिसणे ही शुद्धतेची खात्री नव्हे. खळखळून एक मिनिट उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु रसायने नष्ट होत नाहीत. कारण शोधून दूर केल्यानंतरच टाकी धुऊन निर्जंतुक करावी व सर्व नळ काही वेळ वाहते ठेवावेत.

हे सुद्धा पहा

जलशुद्धीकरण
जलजन्य रोग
कूपनलिका