टोकाच्या अतिनील प्रकाशाची घडण

दृश्य प्रकाशाला हवे तसे वळवण्यास भिंग वा लोलक पुरतो. परंतु अतिनील पट्ट्याच्या टोकाचा, सुमारे १० ते १२१ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काच तर शोषून घेतेच, हवाही त्याला फार पुढे जाऊ देत नाही, आणि त्यामुळे त्याच्या घडणीचा इतिहास हा मुख्यतः त्याला जन्म देणाऱ्या लेसर-स्पंदांना आकार देण्याचा इतिहास आहे.

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झ स्फटिकातून नेला, तेव्हा निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मिळाला (त्याचा पुरावा असलेला फिकट ठिपका छपाईत डाग समजून पुसला गेला, ही हकिकत प्रसिद्धच आहे). मूळ वारंवारतेच्या पूर्णांकी पटीतील अशा प्रकाशाला हार्मोनिक म्हणतात. १९८८ मध्ये पॅरिसजवळील साक्ले येथे अ‍ॅन लुइलिए यांच्या गटाने १०६४ नॅनोमीटरचा लेसर आर्गॉन वायूवर केंद्रित करून ३३ व्या पटीपर्यंतचे विषम हार्मोनिक मिळवले.

हे हार्मोनिक कसे जन्मतात याची उकल १९९३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल कॉर्कम यांनी मांडली: लेसरचे विद्युतक्षेत्र अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढते, त्याला वेग देते आणि स्वतःची दिशा पालटताच त्याला पुन्हा अणूवर आणून आदळवते, तेव्हा त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अशा हार्मोनिकांतून घडणाऱ्या अ‍ॅटोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्याही अब्जांश इतक्या अल्पकाळाच्या, स्पंदांच्या प्रयोगांना मिळाले आणि त्यात कॉर्कम नव्हते. तथापि घडणीच्या दृष्टीने त्यांचेच चित्र निर्णायक मानावे लागते, कारण इलेक्ट्रॉनची वाट बदलली की प्रकाशही बदलतो, हे त्यातूनच उमगते.

मूळ स्पंदाला दुप्पट वारंवारतेच्या स्पंदाची जोड दिल्यास लागोपाठच्या अर्धआवर्तनांतील समानता मोडते आणि एरवी न दिसणारे सम हार्मोनिकही उमटतात. वर्तुळाकार ध्रुवणाचे, म्हणजे ज्यात विद्युतक्षेत्राची दिशा सतत फिरत राहते अशा प्रकाशाचे कोडे अधिक अवघड होते, कारण तशा एकट्या स्पंदाने ओढलेला इलेक्ट्रॉन अणूकडे परततच नाही. २०१४ मध्ये हैफाच्या टेक्नियन संस्थेतील संशोधकांनी परस्परविरुद्ध फिरणारे दोन रंगांचे स्पंद एकत्र आणून तीन पाकळ्यांच्या फुलासारखे क्षेत्र रेखले आणि ही अडचण सोडवली. ध्रुवणाखेरीज प्रकाशाचा पीळही घडवता येतो: भोवरी स्पंदात तरंगाग्र प्रवासाच्या अक्षाभोवती मळसूत्रासारखे वळते आणि एका तरंगलांबीत ते किती वेढे घेते तो त्याचा पीळ. २०१९ मध्ये स्पेन व अमेरिकेतील संशोधकांनी वेगवेगळ्या पिळाचे असे दोन स्पंद किंचित कालांतराने सोडले. त्यांचे पीळ १ आणि २ असल्यास १७ व्या हार्मोनिकचा पीळ एकाच स्पंदात १७ पासून ३४ पर्यंत वाढत जातो.