असाकुसाची फेरी

आपल्या मंडळाची वास्तू पुनर्विकासासाठी पाडली जाणार हे ठरल्यापासून सभासद भगिनींच्या तोंडी एकच हळहळ ऐकू येते : भिंती गेल्या की मंडळाचे जुनेपण गेले. स्मरणिकेसाठी लेख द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा माझ्याही मनात हेच घोळत होते, आणि त्यासरशी मला टोकियो शहरातील असाकुसा या वस्तीची आठवण झाली. मुलीच्या बिऱ्हाडी काही महिने राहण्याचा योग आला होता. त्या मुक्कामात फेब्रुवारीच्या ८ तारखेला आम्ही दोघींनी ही वस्ती पायी पाहिली. तिकडे जुन्या पेठा दाखवणाऱ्या अशा फेऱ्या निघतात. वाट दाखवायला त्याच वस्तीत वाढलेल्या एक वयस्क बाई होत्या. थोडे चालायचे, थांबायचे, एखादा घास खायचा आणि त्या घासाची हकीकत ऐकायची, असा क्रम. बाई जपानीत सांगत आणि लेक मराठीत उतरवी. त्या दिवशी जे पाहिले आणि मागाहून वाचून जे उमगले, ते भगिनींपुढे ठेवते.

असाकुसा सुमिदा नदीच्या काठी आहे. टोकियोला १८६८ पर्यंत एडो म्हणत. पण ही वस्ती एडो नगरीच्या भरभराटीहूनही जुनी. कथा अशी सांगतात की, इ. स. ६२८ मध्ये दोघा कोळी भावांच्या जाळ्यात नदीतून एक लहानशी मूर्ती आली. गावच्या मुख्याने ती ओळखली : ही तर कान्नोन, करुणेची देवता! त्याने आपल्या घराचेच देऊळ केले. तेच आजचे सेन्सोजी. ते दोघे भाऊ आणि तो मुख्य यांचेही देऊळ शेजारी आहे, आणि मे महिन्यात तिथल्या पालख्या खांद्यावर घेऊन सारी वस्ती रस्त्यावर उतरते. मूळ मूर्ती मात्र कोणालाही दाखवत नाहीत.

ही कान्नोन आपल्याला परकी नाही. बौद्ध धर्मातील अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानात गेला आणि जाता जाता त्याचे रूप मातेसारखे झाले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली आणि त्याचा धावा करणारी माणसे कोरली आहेत. कोणावर हत्ती धावून येतो आहे, कोणाचे गलबत बुडते आहे. त्या आठांपैकी एक संकट आगीचे. आगीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

फेरी सुरू झाली कामिनारीमोनपाशी, म्हणजे मेघगर्जनेच्या वेशीपाशी. एका बाजूस वाऱ्याचा देव, दुसरीकडे गडगडाटाचा, आणि मधोमध जवळपास चार मीटर उंचीचा व सातशे किलो वजनाचा लाल कंदील. आमच्या बाईंनी इथेच पहिला घास हातावर ठेवला. मी पाहते तो काय, आपल्या कुरमुऱ्याच्या चिक्कीची वडी! तांदळाच्या लाह्या, साखरेचा पाक, वर शेंगदाणे. हिचे नाव कामिनारी-ओकोशी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती या वेशीपाशी विकली जाते. 'ओकोशी' या शब्दात उभे करणे, नावारूपाला आणणे असाही ध्वनी आहे, म्हणून घराण्याचे नाव वर यावे अशा शुभेच्छेने ती घरी नेतात.

बाईंनी मग विचारले, "ही वेस किती जुनी असेल, सांगा पाहू?" मी चारशे वर्षे म्हटले. त्या हसल्या. जुनी वेस १८६५ च्या आगीत जळाली, आणि आज दिसते ती १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतींच्या देणगीतून उभी राहिली. मधली पंचाण्णव वर्षे इथे वेस नव्हतीच. तरीही लोक या जागेला कामिनारीमोनच म्हणत राहिले, आणि वेशीच्या नावाची वडी विकली जात राहिली. आजोबांनी वेस पाहिलेली नव्हती, नातवांनीही नव्हती. नाव मात्र रोज जिभेवर होते. त्या वडीचा दुसरा तुकडा मी अंमळ सावकाश खाल्ला.

वेशीतून आत गेले की नाकामिसे ही सुमारे अडीचशे मीटर लांबीची पेठ लागते. सरळ रस्ता, दुतर्फा लहान लहान दुकाने, आणि टोकाला देऊळ. आपल्या तीर्थक्षेत्री देवळाच्या वाटेवर जशी पेढे, बुक्का, बांगड्यांची दुकाने असतात, तसाच थाट. या पेठेचा उगम मला फार आवडला. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कधीतरी, देवळाचे आवार झाडण्याचे काम ज्या शेजाऱ्यांकडे होते, त्यांना मोबदला म्हणून वाटेवर दुकान मांडण्याची मुभा मिळाली. म्हणजे ही पेठ मूळची केरसुणीची मिळकत!

इथे एक कारागीर बिडाच्या साच्यांत पीठ ओतून, मध्ये पुरण घालून, साचे विस्तवावर उलटसुलट करीत होता. पुरण आपल्यासारखे हरभऱ्याच्या डाळीचे नव्हे; आझुकी नावाचे लहान तांबडे कडधान्य शिजवून, साखर घालून घोटतात. साच्यातून कंदील, पारवे आणि पाच मजली मनोरा अशा आकारांच्या गरम गरम खाऊच्या वड्या पडतात. पुढे एका दुकानी रताळ्याची वडी मिळाली. योकान हे आझुकीचे थिजवलेले मिष्टान्न तिकडे पूर्वी महाग असे, सामान्य माणसाला ते परवडत नसे. तेव्हा रताळ्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने रताळी शिजवून, साखर व किंचित मीठ घालून तशीच वडी पाडली. 'फुनावा' हे त्याचे दुकान १९०२ सालचे. उपवासाच्या दिवशी रताळ्याचा कीस करणाऱ्या आपणा बायकांना या वडीची ओळख करून द्यायला नकोच.

आता त्या आगीची गोष्ट. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना टोकियो भूकंपाने हादरले. वेळ जेवणाची, घरोघरी चुली पेटलेल्या. लाकडी घरे कोसळली ती विस्तवावर, आणि शहर पेटले. असाकुसातील बारा मजली मनोरा, जो पाहायला दुरून लोक येत, तो मधूनच मोडला. नाकामिसेची विटांची दुकाने ढासळली. देऊळ मात्र वाचले, आणि त्याच्या आवारात असंख्य लोकांनी आसरा घेतला. दोन वर्षांत पेठ पुन्हा उभी राहिली. पण १९४५ च्या ९ मार्चच्या रात्री अमेरिकन विमानांनी याच दाट लाकडी वस्त्यांवर आगीचे बाँब टाकले. १० तारखेची पहाट होईतो सुमारे एक लाख माणसे मेली. नदीत उड्या घेतलेलेही वाचले नाहीत. या खेपेस देऊळही जळाले. १६४९ पासून उभा असलेला मुख्य मंडप, पाच मजली मनोरा, आतील महाद्वार, सारे काही. भूकंपात देऊळ वाचले म्हणून या वेळीही वाचेल, या भरवशावर कित्येक जण तिकडे धावले होते.

बाईंनी आम्हांला आवारातील एका गिंकोच्या झाडापाशी नेले. खोडाचा एक भाग कोळशासारखा काळा आहे. तो त्या रात्रीचा. वर मात्र हिवाळ्यातल्या उघड्या फांद्यांवर नव्या डिऱ्या धरलेल्या होत्या. मला औरंगाबादच्या लेण्यातील तो आगीत सापडलेला मनुष्य आठवला. ज्या देवतेला आगीतून सोडवण्यासाठी हाक मारायची, तिचेच घर जळून गेले! मी हे लेकीला हळूच म्हटले, तिने ते बाईंना सांगितले. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "घर जळाले. हाक मारायची सवय जळाली नाही."

युद्धानंतर देवस्थानाने आवारातील जुन्या तळ्याची जागा विकली आणि त्या पैशाची मदत घेऊन मंडप बांधावयास काढला. १९५८ मध्ये तो पुरा झाला. महाद्वार १९६४ मध्ये आणि मनोरा १९७३ मध्ये उभा राहिला. हे सारे आता लाकडाचे नाही, सिमेंट काँक्रीटचे आहे. तेव्हा, भगिनींनो, खरे पाहता ही 'जुनी' वस्ती आपल्यापैकी पुष्कळजणींच्या वयाचीच आहे. मग तिथे जुने काय आहे? याचे उत्तर मला पुढच्याच वळणावर मिळाले.

मंडपाच्या पश्चिमेस आवाशिमादो नावाचे लहान देऊळ आहे. तिथे बायकांची रांग लागली होती. ८ फेब्रुवारी हा तिकडे सुयांच्या स्मरणाचा दिवस. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया बायका कागदात जपून आणतात आणि देवापुढे ठेवलेल्या तोफूच्या मोठ्या, पांढऱ्या लादीत खोचतात. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. ज्या सुयांनी जन्मभर जाड कापडातून वाट काढली, त्यांना शेवटी मऊ अंथरूण मिळावे, हा भाव. शिंपी येतात, शिवणवर्गाच्या मुली येतात, घरच्या गृहिणीही येतात. आपण दसऱ्याला हत्यारे पुजतो ती चालू कामाची. कामातून गेलेल्या सुईचे आभार मानायचे आपल्या मनात आले नव्हते. माझ्या पिशवीतील बटव्यात मंडळाच्या शिवणवर्गापासूनची एक सुई होती, नेढे तुटलेली. का ठेवली होती कोण जाणे. ती मी त्या तोफूत खोचली. शेजारच्या अनोळखी आजींनी मान लववली, मीही लववली.

तिथून नदीच्या बाजूने उत्तरेस दहा-पंधरा मिनिटे चालले की मात्सुचियामा ही लहानशी टेकडी येते. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला विनायकच! मूर्ती गुप्त असते, पण देवळात जिकडेतिकडे मुळा आणि पैशाची थैली यांची चिन्हे कोरलेली. भक्त नैवेद्याला मोदक नव्हे, पांढरे शुभ्र मुळे घेऊन जातात. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, तेव्हा शिजवलेला मुळा प्रसाद म्हणून वाटतात. प्रथम मला हसू आले. पण आपल्याकडील प्राचीन गणेशमूर्तींच्या हाती मुळा दिसतो, हे मागाहून वाचले. आपण मोदक धरून ठेवला, त्यांनी मुळा.

शेवटी पूल ओलांडून पलीकडच्या काठी चोमेइजी देवळापाशी गेलो. १७१७ सालची हकीकत. नदीकाठी चेरीची झाडे लावलेली होती आणि देवळाच्या रखवालदाराला रोज गळलेली पाने झाडून झाडून कंटाळा येई. त्याने ती पाने मिठात मुरवली, आझुकीच्या पुरणावर पातळ धिरडे गुंडाळून वर ती पाने लपेटली, आणि देवदर्शनाला येणाऱ्यांना विकली. तेच साकुरामोची. तीनशे वर्षांनंतरही ते तिथेच मिळते. हळदीच्या पानातील पातोळ्या खाणारीला त्या पानाच्या वासाचे मोल सांगावे लागत नाही.

परतताना मी हिशेब केला. वेस जळाली, वडी राहिली. दुकाने पडली, झाडलोटीतून मिळालेला शेजारधर्म राहिला. मंडप दुसऱ्यांदा उभारावा लागला, पण सुया घेऊन येणाऱ्या बायकांची रांग आजही लागते. असाकुसाचे जुनेपण भिंतींत नव्हते, म्हणूनच ते जळाले नाही. मात्र ते आपोआपही टिकलेले नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी पाक किती तार घ्यावा हे पुढच्या हाताला शिकवले, तेव्हाच ते टिकले.

आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात भाजणीचे प्रमाण संस्थापक भगिनींनी खडूने भिंतीवर लिहिले होते, आणि त्यावरून दरवर्षी कोणीतरी गिरवत आली. ती भिंत आता जाणार. ती जाण्याआधी प्रमाण वहीत उतरवून घ्यावे, हे तर झालेच. पण माझी विनंती याहून थोडी अधिक आहे. नवी वास्तू होईपर्यंत ज्या भाड्याच्या जागेत आपण बसू, तिथे पहिल्याच आठवड्यात भाजणी भाजायला घ्यावी, आणि कढईपाशी या वर्षी नव्याने आलेल्या मुलींना बसवावे. धान्य किती खरपूस झाले हे वहीत लिहिता येत नाही. ते वासावरूनच कळते, आणि तो वास शेजारी बसूनच शिकावा लागतो.