पोवळ्याच्या पोकळ्या

गुडघ्याखालचं हाड अपघातात दबून मोडलं, की सांध्याचा खचलेला भाग वर उचलून बसवावा लागतो. मग त्याखाली पोकळी उरते. ती भरायला रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढायची रीत आहे. शरीर तो मुकाट्याने स्वीकारतं, पण एक जखम बरी करायला दुसरी करावी लागते, आणि कमरेची ही जखम पुष्कळ दिवस ठणकत राहते. हाडाऐवजी दुसरं काही भरता येईल का, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे.

१८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमन यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं. ते लवकर विरघळतं. १९२० मध्ये अमेरिकेत फ्रेड आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. हाडाचं खनिजही कॅल्शियम फॉस्फेटचंच, म्हणजे द्रव्याची निवड तेव्हाच बरोबर झाली होती. तरीही पुढची पन्नास वर्षं गाडी फारशी हलली नाही. माझ्या मते याचं कारण असं, की सगळे पदार्थाकडे बघत होते. त्यातल्या रिकाम्या जागेकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ते वेधलं दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठातल्या क्लाविटर आणि हल्बर्ट यांनी. वेगवेगळ्या आकाराची छिद्रं असलेली सिरॅमिक त्यांनी प्राण्यांच्या हाडांत बसवून पाहिली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून एक आकडा पुढे आला: सुमारे १०० मायक्रॉन. छिद्र त्याहून अरुंद असलं, तर आत मऊ ऊती शिरतात, हाड नीट धरत नाही. हाड बनवणाऱ्या पेशींना रक्त लागतं आणि रक्तवाहिनीला वाट लागते. शिवाय छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. बंद पोकळी कितीही मोठी असली तरी निरुपयोगी. भट्टीत भाजलेल्या मातीत अशी सलग, सारख्या मापाची वाट तयार करणं त्या काळी फार अवघड होतं.

पोवळं ती वाट लाखो वर्षं बांधत आलं आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जॉन वेबर प्रवाळांचा भूरसायनशास्त्रीय अभ्यास करत होते. रॉडनी व्हाइट आणि युजीन व्हाइट यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये एक पद्धत मांडली: प्रवाळाचा सांगाडा साचा म्हणून वापरायचा, त्याच्या छिद्रांची नक्कल धातूत, सिरॅमिकमध्ये किंवा प्लास्टिकमध्ये उतरवायची आणि मूळ चुनखडी आम्लात विरघळवून टाकायची. पोराइट्स जातीच्या प्रवाळाची छिद्रं साधारण २०० मायक्रॉनची, तर गोनिओपोराची ५०० च्या आसपास. दोन्ही त्या १०० च्या उंबरठ्यापलीकडची आणि आतून जोडलेली. यातला पोराइट्स आपल्या मालवणच्या समुद्रातही आढळतो.

या कुळकथेतलं सगळ्यात सुंदर पान मात्र १९७४ चं आहे. त्याच विद्यापीठातल्या डेला रॉय आणि लिनेहन यांनी साचा आणि ओतकाम दोन्ही टाळलं. प्रवाळाचे तुकडे फॉस्फेटच्या द्रावणासह बंद पात्रात ठेवून त्यांनी ते प्रचंड दाबाखाली, दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास आणि वर तापवले. कार्बोनेट निघून गेलं, त्याच्या जागी फॉस्फेट आलं आणि चुनखडीचं हायड्रॉक्सिअपॅटाइट, म्हणजे हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेट, झालं. छिद्रांची जाळी जशीच्या तशी राहिली. घराची भिंत न पाडता एकेक वीट बदलावी, तसं हे काम.

या शोधातून कॅलिफोर्नियातल्या इंटरपोर कंपनीने वैद्यकीय उत्पादन उभं केलं. १९८० च्या दशकात या हायड्रॉक्सिअपॅटाइटचे दाणे दातांभोवती हिरड्यांच्या रोगाने झिजलेल्या हाडात भरले जाऊ लागले. १९८९ मध्ये गुडघ्याखालच्या मोडींवर कमरेचं हाड आणि प्रवाळी सिरॅमिक यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हींचे परिणाम तुल्यबळ होते. त्याच सुमारास आर्थर पेरी यांनी काढून टाकलेल्या डोळ्याच्या जागी बसवायला या पदार्थाचा गोळा वापरला. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, डोळ्याचे स्नायू त्याला जोडता येतात आणि कृत्रिम डोळा हलतो. हाडासाठी शोधलेल्या छिद्रांचा हा उपयोग मला फार हृद्य वाटतो.

उणिवाही खऱ्या आहेत. हे सिरॅमिक ठिसूळ असतं, त्यामुळे वजन पेलायला धातूची पट्टी आणि स्क्रू लागतातच. कच्चं प्रवाळ शरीरात भराभर विरघळतं. पूर्ण रूपांतर झालेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं. म्हणून पुढे आत कार्बोनेट ठेवून वरून फॉस्फेटचा पातळ थर देणारा मधला प्रकार आला. आणि प्रवाळ समुद्रातून तोडावं लागतं, हा प्रश्न निराळाच. भारतात खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे.

आता बरंचसं छिद्राळ सिरॅमिक प्रवाळाशिवाय बनतं. एक रीत स्पंजाची: फोमचा तुकडा सिरॅमिकच्या घोळात बुडवून भाजायचा, फोम जळून जातो आणि जाळी उरते. श्वार्ट्झवाल्डर आणि सोमर्स यांनी तिचं पेटंट १९६३ मध्येच घेतलं होतं. दुसरी रीत त्रिमितीय छपाईची. तिच्यातली छिद्रं बऱ्याचदा गणितातल्या लघुतम पृष्ठांवरून आखतात. हर्मन श्वार्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासलेला पृष्ठभाग त्यांतलाच. समुद्री अर्चिनच्या कवचाची जाळी त्या पृष्ठभागाशी मिळतीजुळती आहे, हे डॉने आणि पॉसन यांनी १९६९ मध्येच नोंदवलं होतं.